केसर भिकूबद्दल जे बोलली

रेवदंड्याच्या बाजारात केसरच्या टोपलीपुढं उभं राहून ती सांगेल त्या भावात मासळी घेणारा माणूस एक तर पाहुणा असायचा, नाही तर येडा. पैसे कनवटीला लावून झाले की केसर स्वतःच त्याला येडा म्हणायची, तो ऐकू येईल इतका जवळ असला तरी. तिनं भाव सांगायचा तो दुप्पट, गिऱ्हाइकानं मागायचा तो निम्मा, मग दोघांनी जरा तणतण करायची, एकमेकांच्या घरची खुशाली विचारायची आणि मधे कुठं तरी येऊन थांबायचं. ही रीत तिला तिच्या आईनं, येसूबाईनं, परकरात असल्यापासून लावलेली. "आपुन पयल्यांदाच खरा बोललू तर लोकं खऱ्याचा पन अर्धा करतान," असं येसूबाई सांगायची. बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात, हे कोळीवाड्यात पोथीत वाचावं लागत नाही.

तेव्हा केसर खोटारडी होती असं कुणी समजू नये. तोंडानं फटकळ, हातानं सढळ अशी बाई. वजन झाल्यावर वर चार मांदेल्या टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. लग्न होऊन चौलला गेली, नवरा लवकर गेला, पदरात पोर नव्हतं, म्हणून माहेरी परत आली ती कायमची. घरात आई, केसर आणि केसरच्या पाठचा भाऊ भिकू. सगळ्यांत धाकटा कमलेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा आणि बायकापोरांसह तिकडंच उरणला राहायचा. हे बाईचं घरदार. आता भिकूचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्याची आहे.

भिकू जन्मला तेव्हा रडायला उशीर झाला म्हणे. पुढं चालायला उशीर झाला, बोलायला झाला, आणि शाळेत मास्तरांनी दोन वर्षं बघून त्याला घरी पाठवला. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढीच. अलिबागच्या दवाखान्यातून दिव्यांगाचा दाखला मिळाला, त्यात हेच जरा मोठ्या शब्दांत लिहिलेलं होतं. पण कोळीवाडा दाखला बघून माणूस जोखत नाही. त्यांनी भिकूला लहानपणीच मासळी सुकवायच्या खळ्यावर नेऊन बसवला आणि बोंबील हातात दिले.

ओला बोंबील म्हणजे नुसता लिबलिबीत पाण्याचा गोळा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, अशा दोऱ्याच्या दोऱ्या भरायच्या. कंटाळ्याचं काम. बायका हात चालवता चालवता तोंडही चालवतात म्हणून निभतं. भिकूला कंटाळा ठाऊकच नव्हता. जोडी अडकली की तो मान हलवायचा, जणू दोघांचं लग्न लावून दिलं, आणि पुढची उचलायचा. कावळे आले की "हाड हाड" करत दोरीखालून धावायचा. संध्याकाळी प्रत्येक घरची बाई आपल्या ढिगातून त्याला वाटा काढून द्यायची. बोटीवरच्या खलाशाला वाटा मिळतो तसा भिकूला खळ्यावरचा वाटा. दया म्हणून नव्हे, रीतीनं. तो पाटी घेऊन घरी यायचा, आईसमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "माझा वाटा." त्या रात्री येसूबाई घरात पापलेट असलं तरी आधी भिकूच्या वाट्याचंच कालवण करायची.

सकाळी पाव आणायला तोच जायचा. आंघोळ स्वतः करायचा, फक्त साबण डोळ्यांत गेला की आरडाओरडा. पैशातलं त्याला कळत नसे, पण पाववाल्याला तो नोट द्यायचा आणि पाववाला उरलेले त्याच्या खिशात घालून वरून थोपटायचा. हे सगळं चाललेलं होतं आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

केसरवर त्याचा विश्वास मात्र विशेष होता. एकदा, दोघंही लहान असताना, भिकूच्या तळपायात कालवाच्या शिंपल्याची कपरी घुसली. रक्त वाहत होतं आणि पोरगं ऊर फुटेपर्यंत रडत होतं. केसर घाबरली, आणि घाबरून त्याच्यावरच ओरडली, "काय झाला न्हाय! दुखत न्हाय!" भिकू तिथल्या तिथं थांबला. डोळ्यांतून पाणी गळतंय, पाय थरथरतोय, आणि हा आईला सांगतोय, "दुखत न्हाय. ताय बोलली." येसूबाई पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट हसून सांगायची. केसरही हसायची.

येसूबाई गेली ती पाऊस संपता संपता, दोन दिवसांच्या तापात. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मग पेन्शनचा प्रश्न आला. भिकूचा बापूस सरकारी लाँचवर खलाशी होता. त्याच्यामागं येसूबाईला पेन्शन मिळायची आणि तिच्यामागं ती भिकूला, जन्मभर, मिळू शकत होती. केसर बँकेत गेली. तिथल्या पोरीनं सांगितलं, "मिळेल, पण त्यांचा कायदेशीर पालक लागेल."

"पालक? बेचाळीस वर्साच्या बाप्याला पालक? तो काय शालंत जातंय?"

तर जातंय तसंच होतं. माणूस अठरा वर्षांचा झाला की कायद्यानं तो स्वतःचा मुखत्यार. मग त्याची समज कितीही असो, आईसुद्धा त्याची आपोआप पालक राहत नाही, बहीण तर नाहीच. त्यासाठी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचा, समिती दोघांना समोर बोलावते, बघते, विचारते आणि मग नेमणूक करते. हे सगळं तिला सेवा केंद्रातल्या हितेशनं समजावून सांगितलं. त्यानंच अर्ज भरला, दाखला जोडला. कमलेश एका दुपारी ट्रेलर पनवेलजवळ उभा करून आला आणि ना हरकतीवर सही करून गेला. "ताय, तूच बघ त्याचा," तो म्हणाला. "माझा आज हिकडं तर उद्या गुजरातेत." आईच्या फोटोला हात जोडून, भिकूच्या गालाला हात लावून तो गेलासुद्धा.

केसरच्या मनात एकच घोर होता. आपण आज आहोत, उद्या डोळे मिटले की याचं कोण? पेन्शन चालू असली तर निदान भिकू कुणाच्या दारात परका होणार नाही. ज्याच्या नावावर महिन्याला काही येतं, त्याच्या ताटात कुणी तरी वाढतं. हे तिनं जग बघून ठरवलेलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढं. हितेश अर्ज देता देता सहज म्हणाला, "आत्या, तिथं त्याला जास्त बोलू देऊ नका हां. हुशार वाटला तर म्हणतील, याला पालक कशाला?" पोरगं बोलून गेलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलं. केसरच्या डोक्यात ते काट्यासारखं रुतून बसलं. भिकू हुशार वाटला तर! आयुष्यात पहिल्यांदाच तिला भावाच्या हुशारीची भीती वाटली.

अलिबागला जायचा दिवस आला तेव्हा हिवाळा होता, बोंबलाचा मोसम ऐन भरात. भिकूनं पांढरा शर्ट घातला, डोक्याला तेल थापलं आणि एक प्लास्टिकची पिशवी काखेत मारली. आत सुके बोंबील होते.

"ये कुनाला?"

"सायबाला," भिकू म्हणाला. "माझे हान." त्यानंच दोरीवर टाकलेले, त्यानंच निवडलेले, बाक आलेले आणि मोडके बाजूला काढून.

रिक्षात बसल्यापासून तो शेजारच्याला सांगत होता, चौलला चढलेल्या म्हातारीला सांगत होता, नागावला उतरलेल्या पोरीलाही सांगत होता, की मी सायबाला भेटायला चाललोय. केसरला ते ऐकून धडकी भरली. असाच तिथं बोलत सुटला म्हणजे? नागाव मागं पडल्यावर तिनं त्याचा हात धरला.

"भिकू, तिथं बोलाचा न्हाय. सायबानं काय पन इचारला तरी गप रव्हाचा."

"का?"

"मी सांगतंय म्हनून."

भिकूला एवढं पुरे होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले ते अलिबाग येईपर्यंत उघडले नाहीत.

ऑफिसातली खोली थंड होती. टेबलामागं तरणा साहेब, एका संस्थेच्या वयस्क बाई, आणि केसर-भिकूच्या मागोमाग आत येऊन, कुबड्या बाजूला टेकवून बसलेली मृणाली नावाची एक मुलगी. दिव्यांग माणसांच्या वतीनं समितीत एक जण असावा लागतो, ती ही. माणसं चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत कुणाला शिव्या घालायच्या असतील तर त्यांना घालून चालणार नाही.

साहेबांनी भिकूकडं बघून विचारलं, "काय भिकू, कसे आहात? दिवसभर काय करता?"

भिकूचे डोळे लकाकले. त्यानं केसरकडं बघितलं. केसरनं त्याला बोलू दिलं नाही.

"त्याला काय येत न्हाय, सायेब."

"जेवण वगैरे स्वतः करतात?"

"मीच भरवतंय."

"आंघोळ?"

"मीच घालतंय."

"एकटे कुठं जातात का? दुकानात वगैरे?"

"दाराच्या भायेर सोडला तर हरवल, सायेब. काय पन कलत न्हाय त्याला."

खरं सांगायचं तर हे बोलताना केसरच्या मनात भिकू नव्हताच. होता तो फक्त भाव. साहेब म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आणणारच. आपण म्हटलं काहीच येत नाही, तर तो म्हणेल थोडंफार येत असेल, आणि मधे कुठं तरी येऊन सही होईल. इतकी वर्षं टोपलीपुढं बसून ती हेच करत आली होती आणि तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

मृणाली पुढं झुकून म्हणाली, "मावशी, घाबरू नका. त्यांना जे जमत नाही तेवढ्यापुरतंच पालकत्व द्यायचं असतं. जे जमतं ते त्यांचं त्यांच्याकडं राहतं. काय काय जमतं ते सांगा ना."

याहून सरळ कुणी काय सांगायचं? पण केसरला त्यात गिऱ्हाइकाची पहिली घासाघीस ऐकू आली. आता ही भाव पाडणार. अशा वेळी गिऱ्हाइकापुढं ढिलं पडायचं नसतं, उलट आणखी वर चढायचं असतं. ती चढली.

एवढ्यात खोलीत वास पसरला. थंड हवेच्या बंद खोलीत सुका बोंबील लपून राहत नाही. संस्थेच्या बाईंनी रुमाल काढला. साहेबांना हसू आलं. भिकूला वाटलं, साहेबांनी पिशवीचंच विचारलं. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी साहेबांकडं सरकवली.

"अरे वा! कुणी वाळवले हे?"

भिकूनं तोंड उघडलं. "मी..."

"मी वालवलेत, सायेब," केसर म्हणाली. "त्याला बोंबील काय न दोरी काय, फरक कलत न्हाय."

भिकूचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं ते हळूच मिटलं. तो केसरकडं बघत होता. राग नव्हता त्याच्या बघण्यात. पाण्यात पडलेली वस्तू दिसते आहे पण हाताला लागत नाही, असं माणूस बघतं, तसं तो बघत होता. केसरला ते दिसलं. पण तिचं सगळं लक्ष साहेबांच्या पेनाकडं होतं. साहेब आता म्हणतील, असं कसं, काहीच कळत नाही? साहेब काही म्हणाले नाहीत. पेन कागदावर चालत राहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिनं भाव सांगितला आणि समोरच्यानं घासाघीस केली नाही. तिला जरा चुकल्यासारखं झालं, पण काम झालं या आनंदात ते तसंच मागं पडलं.

बाहेर आल्यावर तिनं त्याला आईस्क्रीम घेऊन दिलं. भिकू कप हातात धरून उभा राहिला. आईस्क्रीम वितळून बोटांवर आलं तेव्हा त्यानं विचारलं, "ताय, मना काय कलत न्हाय?"

आता यावर किती बोलता आलं असतं. 'तुला सगळं कळतं रे, मी साहेबाला तसं सांगितलं' एवढंच म्हणायला काय पडत होतं? पण एसटी स्टँडावरून रिक्षा सुटायला आली होती, जागा पकडायची होती, आणि केसर म्हणाली, "चल गप. झाला काम." पुढं कित्येक महिने ती या एका वाक्यापाशी येऊन थांबायची आणि दुसरं वाक्य बोलून बघायची. मनातल्या मनात ते छान जमायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आले नाहीत. केसरनं बघितलं तर भिकू पडवीत भिंतीला टेकून बसलेला.

"पाव न्हाय आनलं?"

"मी हरवीन," भिकू म्हणाला.

ती हसली. मग ओरडली. मग स्वतः जाऊन पाव घेऊन आली, म्हटलं असेल लहर. पण खळ्यावर बायकांनी हाका मारल्या तेव्हाही तो जागचा हलला नाही. केसरनं हाताला धरून नेला, दोरीपाशी बसवला, हातात बोंबील दिले. त्यानं ते मांडीवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. कावळे आले. एकानं त्याच्या पायाजवळचा बोंबील उचलून नेला. भिकूनं कावळ्याकडं बघितलं आणि मग केसरकडं.

"अरे जोडी लाव ना!"

"मना न्हाय येत."

रुसला असता तर बरं झालं असतं. रुसवा काढता येतो. चार गोड शब्द, एखादा नवा शर्ट, नाही तर सरळ पाय धरावेत. पण भिकू रुसला नव्हता. त्याच्या स्वभावात रुसणं नव्हतंच. ताईनं मोठ्या साहेबांपुढं सांगितलं होतं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं होतं. एवढ्या मोठ्या ऑफिसात ठरलेली गोष्ट आपल्याला इतकी वर्षं ठाऊक नव्हती, याचंच त्याला नवल वाटत असावं. तो मोरीत जाऊन उभा राहायचा आणि केसर येऊन पाणी घालेपर्यंत तसाच कुडकुडत राहायचा. ताट वाढलं की हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडं बघायचा.

एकदा केसरचा तोल गेला. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "हात न्हाय तुना? कालपरवा जेवत व्हतास ना?" भिकूनं मार मुकाट्यानं खाल्ला. केसर त्याच्या समोरच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. भिकूला तिच्या रडण्याचं कारण कळेना. तो तिच्या गुडघ्यावर हात फिरवत म्हणाला, "काय झाला न्हाय, ताय."

कोळीवाड्यातल्या बायकांनी आपापल्या परीनं बघितलं. कुणी मीठमोहऱ्या ओवाळल्या, कुणी म्हणालं आईच्या जाण्याचा धसका आत्ता बाहेर आला. केसरनं खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? बाजारात भाव लावला तो रक्ताच्या भावाचा, हे कुठल्या तोंडानं सांगायचं! एक-दोघी संध्याकाळी त्याचा वाटा घेऊन दारात आल्या. भिकूनं पाटी पुढं केली नाही.

"मी काम न्हाय केला," तो म्हणाला.

त्या बायका वाटा उंबऱ्यावर ठेवून गेल्या. केसरनं त्याचं कालवण केलं, पण तिच्याच्यानं ते गिळवलं नाही.

शिमग्याला कमलेश घरी आला. बोटींना तोरणं लागली, ढोल वाजू लागले. दर वर्षी होळीचं झाड ओढत आणायला दोराच्या अगदी टोकाला भिकू असायचा, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत. या वर्षी तो पडवीतून बघत बसला. कमलेशनं दोन-तीनदा बोलावलं, मग बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "याला झाला काय, ताय?" केसर म्हणाली, "आयसची आठवन येतंय त्याला." मेलेल्या आईच्या डोक्यावर तिनं आपली चूक ठेवली. हेही तिला पुढं बोचत राहिलं.

अलिबागहून निरोप आला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. नेमणुकीचा कागद घेऊन जा म्हणून. भिकूला शेजाऱ्यांकडं बसवून केसर एकटी गेली. कागद द्यायला मृणालीच होती. केसरनं कागदाला हात लावला नाही.

"बाय, माझा सगला बोलना खोडून टाक," ती म्हणाली. "मी खोटा बोलले. त्याला समदा येतंय. जेवतंय, न्हातंय, पाव आनतंय. ते बोंबील पन त्यानंच वालवले व्हते. पेन्शन नको मना. फक्त तेवढा खोडून टाक."

मृणालीनं तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "मावशी, आम्हाला माहीत होतं."

"काय म्हाईत व्हता?"

"त्या दिवशी मी आत येताना दार कुणी धरलं होतं? भिकूदादांनी. माझ्या कुबड्या बघून खुर्चीसुद्धा त्यांनीच मागं ओढली. साहेबांनीही बघितलं. आणि मावशी, इथं येणारे सगळेच तुमच्यासारखं बोलतात. आईबाप, भाऊ, बहिणी, सगळे. भीतीनं बोलतात. आम्ही त्यातलं निम्मं वजा करूनच ऐकतो." तिनं कागद उलगडून बोट ठेवलं. "हे बघा. तुम्ही पालक आहात ते पेन्शन, बँक आणि दवाखाना एवढ्यापुरत्या. बाकी त्यांचं त्यांच्याकडं. तुमच्या बोलण्यातलं यात काहीच नाही."

केसरनं कागद हातात घेतला. म्हणजे साहेबांनी घासाघीस केली होती. तोंडानं नव्हे, मनातल्या मनात, पण केली होती. निम्म्याच्याही खाली आणला होता तिचा भाव. त्या खोलीत बसलेल्या सगळ्या परक्या माणसांनी तिचं बोलणं पाडून घेतलं होतं. तिनं सांगितलेला भाव पुरेपूर मोजला तो एकट्या भिकूनं.

रिक्षात तिनं कागद छातीशी धरला होता. वाटेत ती शब्द जुळवत होती. पेन्शनचा घोर मिटला होता, ज्यासाठी एवढं केलं ते हाताला लागलं होतं, आणि चौल येईतो तिला आशासुद्धा वाटायला लागली. भिकूचा मोठ्या ऑफिसावर विश्वास आहे ना? मग मोठ्या ऑफिसाचाच कागद त्याला दाखवू.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, भात टाकला, सुकटीची चटणी केली आणि भिकूला समोर बसवलं. कागद त्याच्यापुढं धरला.

"भिकू, सायबानं लिवून दिलाय. तुना समदा कलतंय. तू काम करतंस, पाव आनतंस, समदा तुना येतंय. ये बघ शिक्का."

भिकूनं शिक्क्यावर बोट फिरवलं. त्याला शिक्के आवडायचे. मग तो विचार करायला लागला. विचार करताना त्याच्या कपाळाची शीर वर यायची, तशी आली.

"सायबाला कसा म्हाईत?" त्यानं विचारलं. "सायेब आपल्या घरान न्हाय रव्हत."

केसरनं कागद त्याच्या आणखी जवळ सरकवला.

"तू रव्हतंस," भिकू म्हणाला. तो तिला समजावून सांगत होता, जसं लहान पोराला सांगावं तसं. "तुना म्हाईत. तू बोललीस."

"मी खोटा बोलले रे, भिकू!" केसरचा आवाज फाटला. "तुझी शपथ. आयसची शपथ. मी त्या दिवशी खोटा बोलले."

भिकू हसला. कितीतरी दिवसांनी तो असा मोकळा हसला. ताई गंमत करते आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"ताय खोटा न्हाय बोलत," तो म्हणाला.

केसरनं पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. तो मान हलवून हसत राहिला आणि मग त्याचं लक्ष ताटाकडं गेलं. भात निवत चालला होता. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तोंड उघडलं आणि वाट बघत बसला. केसरनं घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला.